टोलचा हिशेब मागायचा कसा? करारनाम्यापासून कॅगपर्यंतची वाट

टोल नाक्याच्या खिडकीत बसलेल्या मुलाशी भांडून आजवर कुणाचा टोल कमी झालेला नाही. दर त्याच्या हातात नाही, मुदत नाही आणि रस्त्याची दुरुस्ती तर नाहीच. दर राजपत्रातल्या अधिसूचनेने ठरतो आणि वसुलीची मुदत करारनाम्याने. खड्डा कुणी आणि किती दिवसांत बुजवायचा, हेही त्याच करारनाम्याच्या परिशिष्टात लिहिलेले असते. म्हणून टोलबद्दल मनापासून राग असलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: आधी तीन कागद मिळवा. अधिसूचना, करारनामा आणि दरमहा वसुलीचा तक्ता. हे तीन हातात नसतील तर आपली तक्रार तक्रारच राहते. ते असले की ती मागणी होते आणि समोरच्याला लेखी उत्तर द्यावे लागते.

हे काम एकट्या माणसाला जमते. वेळ मात्र सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत धरून चाला.

रस्ता कुणाचा?

सगळ्यात जास्त अर्ज इथेच वाया जातात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे–वरळी सागरी सेतू आणि समृद्धी महामार्ग हे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे, म्हणजे एमएसआरडीसीचे. अटल सेतू मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना लागणारे नाके भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे. काही राज्य मार्गांवर थेट सार्वजनिक बांधकाम विभागाने ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ तत्त्वावर टोल लावलेला असतो. एका तासाच्या प्रवासातही मालक बदलू शकतो.

नाक्यावरचा दरफलक नीट वाचा आणि त्याचा तारखेसह फोटो काढा. त्यावर वसुली करणाऱ्या संस्थेचे नाव, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख, वाहनप्रकारानुसार दर व सूट असलेल्या वाहनांची यादी पाहा. फलकावर यातले काही नसेल, तर तीच पहिली लेखी तक्रार.

मालक कळला की कायदाही कळतो. राज्याच्या रस्त्यांवरचा पथकर, म्हणजे टोल, महाराष्ट्र (पूर्वीच्या मुंबई) मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ च्या कलम २० खाली अधिसूचना काढून लावला जातो. राष्ट्रीय महामार्गांना राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, २००८ लागू होतात. त्यांत दरवर्षी १ एप्रिलला होणारी दरवाढ आणि दोन नाक्यांमधले ६० किलोमीटरचे अंतर यांचे नियम आहेत. ‘६० किलोमीटरच्या आत दुसरा नाका बेकायदा’ असा संदेश फिरत असतो. तो राज्याच्या रस्त्याला सरसकट लावू नका. राष्ट्रीय महामार्गावरही या नियमाला अपवाद आहेत. अर्जात चुकीचा नियम लिहिला की समोरच्याला तेवढ्यावरच उत्तर देऊन मोकळे होता येते.

करार कोणत्या जातीचा?

सगळा वाद खरे तर इथेच अडकलेला असतो. ‘पैसे वसूल झाले, आता टोल बंद करा’ हे वाक्य आपण सगळेच बोलतो. पण ते कायद्याने टिकते की नाही, हे कराराच्या प्रकारावर ठरते.

पहिला प्रकार मुदतीचा. कंपनी सरकारला ठरावीक रक्कम देते आणि ठरावीक वर्षे वसुली करते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २००४ मध्ये असाच करार झाला: ९१८ कोटी रुपये एकरकमी आणि बदल्यात ऑगस्ट २०१९ पर्यंत पंधरा वर्षांची वसुली. अशा करारात वाहने अपेक्षेपेक्षा वाढली तर जादा पैसा कंपनीचा आणि घटली तर तोटाही तिचाच, असे सहसा धरलेले असते. त्यामुळे ‘रक्कम वसूल झाली’ एवढे दाखवून भागत नाही. इथले खरे प्रश्न वेगळे. करार करताना वाहनांचा अंदाज कुणी बांधला? तो मुद्दाम कमी धरला होता का? जादा उत्पन्नात सरकारचा वाटा ठेवणारे कलम होते का, नसेल तर का नव्हते? मुदत संपल्यावर वसुली कोणत्या अधिसूचनेवर सुरू राहिली?

दुसऱ्या प्रकारात खर्च आणि ठरलेला परतावा वसूल होईपर्यंत टोल चालतो. हा वरवर न्याय्य दिसतो, पण सूत्र वाकडे असेल तर तो कधीच संपत नाही. समजा प्रकल्पाचा खर्च १०० कोटी आणि करारात दरवर्षी २० टक्के परताव्याची हमी आहे. चालवण्याचा खर्च वजा जाता वर्षाला १५ कोटी जमा होतात. पहिल्या वर्षअखेर येणे १२० कोटी, त्यातून १५ वजा, उरले १०५. दुसऱ्या वर्षी १११. तिसऱ्या वर्षी ११८ कोटी २० लाख. दहा वर्षांत लोकांनी दीडशे कोटी भरलेले असतात आणि कागदावरचे येणे सुमारे २३० कोटींवर गेलेले असते.

ही भीती कल्पनेतली नाही. दिल्ली आणि नोएडाला जोडणारा डीएनडी मार्ग २००१ मध्ये सुरू झाला. त्याच्या करारात परताव्याचे सूत्र याच जातीचे, २० टक्क्यांचे होते. रहिवासी संघटनांच्या महासंघाने ते न्यायालयात नेले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये वसुली थांबवली. सर्वोच्च न्यायालयाने कॅगकडून, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडून, हिशेब तपासून घेतला आणि २० डिसेंबर २०२४ रोजी टोलबंदी कायम केली. शुल्क वसूल करण्याचा अधिकार नोएडा प्राधिकरणाने असा कंपनीच्या हाती द्यायलाच नको होता, निविदा न मागवता कंपनी निवडली गेली, आणि कंपनीचा खर्च व नफा निघून गेला आहे, असे न्यायालयाने म्हटले. या प्रकरणात रस्त्यावरच्या घोषणांपेक्षा करारातले एक सूत्र निर्णायक ठरले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तिसऱ्या प्रकारात रस्ता सरकारी संस्थेचाच असतो आणि ठेकेदार फक्त वसुली करून दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेली रक्कम भरतो. इथे पाहायचे ते निविदेतली रक्कम आणि प्रत्यक्ष वसुली यांतले अंतर. ते मोठे असेल तर तेवढा सार्वजनिक पैसा दर महिन्याला हातातून जातो.

अर्ज लिहिताना

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हेच मुख्य हत्यार. महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात करायचा. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करून तेवढे शुल्क भरायचे. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत. म्हणून वसुलीचा अर्ज वेगळा, देखभालीचा वेगळा. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्राचे पोर्टल आहे. तिथे शब्दांची मर्यादा ५०० आहे.

माझा पहिला अर्ज फुकट गेला, कारण मी ‘इतकी वर्षे टोल का घेतला जात आहे?’ असे विचारले होते. एका ओळीचे उत्तर आले: प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. तेव्हा चिडलो, पण कायद्याने ते उत्तर बरोबर होते. कार्यालयाकडे असलेला कागद मागता येतो, त्याचे मत किंवा स्पष्टीकरण मागता येत नाही. ‘का’ काढून टाका आणि ज्या कागदात त्या ‘का’चे उत्तर असेल, तो कागद मागा. वसुलीचा अर्ज असा लिहिता येईल:

‘विषय: अमुक पथकर नाक्यावरील पथकर वसुली. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते अर्जाच्या दिनांकापर्यंत. आवश्यक माहिती: १) या नाक्यावरील पथकर वसुलीचा करारनामा, सर्व परिशिष्टे व पुरवणी करारांसह. २) सध्या लागू असलेली पथकर अधिसूचना. ३) महिनावार आणि वाहनप्रकारनिहाय वाहनसंख्या व जमा रक्कम दाखवणारे, कार्यालयास प्राप्त झालेले अहवाल. ४) सूट दिलेल्या व मासिक पासधारक वाहनांची महिनावार संख्या. ५) वसुलीची मुदत वाढवण्याबाबतचे आदेश, त्यामागील टिप्पणीसह.’

पाचवा मुद्दा विसरू नका. मुदतवाढीची खरी कारणे आदेशात फार थोडी आणि त्याआधीच्या कार्यालयीन टिप्पणीत जास्त असतात.

करारनामा कधी कधी शेकडो पानांचा असतो. प्रत पानाला दोन रुपये. पैसे वाचवायचे असतील तर आधी कागदपत्रांची पाहणी मागा. पहिला तास मोफत असतो. बसून वाचा आणि हवी ती पाने खुणा करून घ्या. वाचताना आधी ‘व्याख्या’ हा भाग पाहा. ‘एकूण प्रकल्प खर्च’ म्हणजे काय धरले आहे, हे तिथेच कळते.

नकार आला तर

तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, ‘ही माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’. कलम ६(३) प्रमाणे असा अर्ज पाच दिवसांत संबंधित कार्यालयाकडे पाठवणे त्यांचेच काम आहे. तसे लेखी कळवा.

दुसरे, ‘माहिती ठेकेदाराकडे आहे’. कलम २(च) मधली माहितीची व्याख्या पाहा. सार्वजनिक प्राधिकरणाला कोणत्याही कायद्याखाली खासगी संस्थेकडून जी माहिती घेता येते, तीही ‘माहिती’च ठरते. शिवाय ठेकेदाराने दरमहा अहवाल देण्याचे कलम करारात असेल, तर ते अहवाल कार्यालयात असायलाच हवेत. ते नसतील तर देखरेखच झालेली नाही, आणि तसे लेखी उत्तर मिळणे हा स्वतःच एक पुरावा आहे.

तिसरे उत्तर सर्वांत जास्त वापरले जाते: ‘व्यापारी गुपित, कलम ८(१)(घ)’. यावर अपिलात दोन मुद्दे मांडा. एक, त्याच कलमात आणि ८(२) मध्ये व्यापक जनहिताचा अपवाद आहे, आणि लोकांकडून सक्तीने घेतलेल्या पैशाचा हिशेब यापेक्षा मोठे जनहित दाखवणे अवघड. दोन, केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने एप्रिल २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सार्वजनिक–खासगी भागीदारीतले प्रकल्प अहवाल आणि करारनामे स्वतःहून जाहीर करायला सांगितले आहे. या सूचना केंद्रीय कार्यालयांसाठी असल्या तरी राज्याच्या अपिलात त्यांचा आधार देता येतो. एखादे पान खरोखर गोपनीय असेल तर कलम १० प्रमाणे तेवढे वगळून बाकी द्यावे, अशी मागणी जोडा.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा ते अपुरे आले, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. महाराष्ट्रात त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. केंद्राकडे पहिल्या अपिलाला शुल्क नाही. त्यानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील. राज्य माहिती आयोगापुढे अपिलांचा मोठा साठा आहे, म्हणून निकालाची वाट पाहत थांबू नका. तोच कागद वेगळ्या कार्यालयातून मागा. करारनाम्याची प्रत महामंडळाकडे असते, मंत्रालयातल्या विभागाकडे असते आणि काही वेळा जिल्ह्याच्या बांधकाम कार्यालयातही असते. मला एका ठिकाणी नाकारलेला कागद दुसऱ्या कार्यालयाने तीन आठवड्यांत दिला होता.

राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांसाठी अर्जाआधी महामार्ग प्राधिकरणाची ‘टोल इन्फर्मेशन सिस्टिम’ पाहा. नाक्यानुसार प्रकल्पाचा भांडवली खर्च, आजवरची एकूण वसुली, वाहनसंख्या आणि कराराची मुदत तिथे दिलेली असते. राज्याच्या प्रत्येक नाक्यासाठीही अशीच माहिती मागे लागल्याशिवाय दिसावी, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे.

वाहने स्वतः मोजा

वसुलीचा तक्ता हातात आला तरी तो खरा की खोटा हे कळायला दुसरे माप लागते. चार जण असाल तर एका दिवसात काम होते. महामार्गाच्या कडेला उभे राहू नका. पादचारी पूल किंवा लगतच्या मोकळ्या जागेवरून मोबाइलवर चित्रीकरण करा आणि घरी बसून मोजा. एक तास सकाळच्या गर्दीचा, एक दुपारचा, एक रात्रीचा. दोन्ही दिशा वेगळ्या. गट तेच ठेवा जे दरफलकावर आहेत: हलकी वाहने, मिनीबस, ट्रक व बस, अनेक आसांची वाहने.

यात एक क्रम पाळा. आधी मोजा, नंतर त्याच तारखेची तासवार नोंद माहिती अधिकारात मागा. राज्याच्या नाक्यांवरही १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग बंधनकारक आहे, त्यामुळे गेलेल्या गाडीचा वर्ग आणि वेळ यंत्रात नोंदली जाते. ‘अशी नोंद ठेवली जात नाही’ हे उत्तर आता पटणारे नाही. तुलनेला तिसरे माप हवे असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग स्वतः रस्त्यांवरची वाहतूक गणना करतो. तीही मागा.

आकड्यांत फरक दिसला की लगेच चोरी म्हणू नका. सूट असलेली वाहने, पासवाली वाहने आणि एकाच दिवसातली परतीची फेरी यांनी रक्कम कमी दिसते. अर्जातला चौथा मुद्दा त्यासाठीच आहे. तरीही फरक उरला आणि तो जड वाहनांत असेल, तर तिथेच खोल जा, कारण जड वाहनाचा दर कारच्या कितीतरी पट असतो. शंभर गाड्या चुकीच्या वर्गात मोजल्या तरी रक्कम मोठी होते.

रस्ताच चालण्याजोगा नसेल तर

देखभालीच्या अर्जात करारातील देखभालीचे परिशिष्ट, स्वतंत्र अभियंत्याचे (करारानुसार कामावर देखरेख करणाऱ्याचे) अहवाल, ठेकेदाराला दिलेल्या नोटिसा आणि लावलेला दंड मागा. बऱ्याच करारांत खड्डा, तडा, बंद दिवा, तुटलेला कठडा अशा प्रत्येक दोषाला दुरुस्तीची मुदत दिलेली असते. आता तुमचे फोटो कामी येतात, पण त्यांवर तारीख आणि किलोमीटरचा दगड दिसायला हवा. त्याच जागेचा फोटो मुदत उलटल्यावर पुन्हा काढा. एका फोटोने फक्त खड्डा दिसतो, दोन फोटोंनी कराराचा भंग दिसतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) खाली कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. तो फार थोडे लोक वापरतात.

केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या पालियेक्कर नाक्याचे उदाहरण जवळ ठेवा. रस्त्याची दुर्दशा आणि कोंडी पाहून केरळ उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये तिथली वसुली थांबवली. महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही दिलासा मिळाला नाही. नागरिकांनी कर भरलेला असताना खड्ड्यांतून जायला पुन्हा पैसे का द्यावेत, असा न्यायालयाचा सूर होता. ऑक्टोबरमध्ये काही अटींवर वसुली पुन्हा सुरू झाली, पण वाईट रस्त्यावर टोल थांबू शकतो हे तिथे सिद्ध झाले.

(एकाच फेरीचे दोनदा पैसे कापले गेले, चुकीचा वर्ग लागला, असल्या वैयक्तिक तक्रारी फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे करा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांक आहे.)

कागद घेऊन कुठे जायचे?

पहिले पत्र महामंडळाच्या व्यवस्थापकीय संचालकांना द्या. दोन पानांचे, सोबत पुराव्याच्या प्रती. मागणी एकच आणि मोजता येणारी हवी: अमुक महिन्यांचे आकडे जाहीर करा किंवा अमुक कलमाखाली दंड लावा. पोच घ्या. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथेही त्याची नोंद करा.

मग आमदार. ‘टोल बंद करा’ असे निवेदन देऊ नका, अशी निवेदने त्यांच्याकडे ढिगाने असतात. अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधी तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते) मसुदाच तयार करून द्या, पुराव्याच्या पानासह. पक्ष पाहू नका. सत्ताधारी आणि विरोधी अशा दोघांनाही द्या. सभागृहात मंत्र्यांनी दिलेले उत्तर हा पुढे न्यायालयात वापरता येणारा कागद असतो.

सरकारी मालकीच्या कंपन्यांचे लेखे कॅगच्या कक्षेत येतात आणि कॅगचे अहवाल विधिमंडळात मांडले जातात. जुन्या अहवालांत तुमच्या महामंडळावर काय ताशेरे आहेत ते शोधा. ते अहवाल खुले असतात. त्यानंतर कॅगच्या राज्यातल्या, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयाला तुमचा तक्ता आणि मोजणीतला फरक पाठवा. उत्तर येईलच असे नाही. पण लेखापरीक्षकाला कुठे पाहायचे हे दाखवून देणे वाया जात नाही. विधिमंडळाच्या सार्वजनिक उपक्रम समितीलाही प्रत द्या, सरकारी कंपन्यांवरचे कॅगचे अहवाल तीच तपासते.

विशिष्ट अधिकाऱ्याच्या गैरकारभाराचा पुरावा असेल तर लोकायुक्त आहेत. तिथे तक्रारीसोबत शपथपत्र लागते आणि मुदतीचेही बंधन असते. उच्च न्यायालयातली जनहित याचिका शेवटी. आधी पाठवलेली पत्रे, त्यांच्या पोचा आणि मिळालेली किंवा न मिळालेली उत्तरे तारीखवार लावलेली असली की वकिलाचे निम्मे काम झालेले असते.

सूट जाहीर झाली म्हणून फाईल मिटू नका

राज्याने १ जून २०१५ पासून १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर लहान वाहने, एसटी व शाळेच्या बस यांना सूट दिली. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. हे निर्णय लोकांच्या रेट्यामुळेच झाले. पण करार चालू असताना सूट दिली की ठेकेदाराची भरपाई उभी राहते. कोल्हापुरात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली लोक वर्षानुवर्षे लढले. शहराचा टोल गेला, तो त्यांनी झगडून घालवला. रस्ते बांधणाऱ्या कंपनीचे देणे मात्र शेवटी सरकारी तिजोरीवर आले.

म्हणजे खिडकीवर दिलेला पैसा आता आपण कररूपाने देतो, आणि ज्याच्याकडे गाडीच नाही तोही देतो. म्हणून सूट जाहीर झाल्यावर नवा अर्ज करा: भरपाईचा शासन निर्णय, रकमेचे सूत्र, त्यासाठी धरलेली वाहनसंख्या आणि पैशाऐवजी मुदतवाढ दिली असल्यास तिचा आदेश. भरपाईसाठी धरलेली वाहनसंख्या आणि त्याच कंपनीने आधी वसुलीच्या अहवालात दाखवलेली वाहनसंख्या शेजारी शेजारी मांडा. वसुली दाखवताना गाड्या कमी आणि भरपाई मागताना जास्त असतील, तर तुमच्या फायलीतला सगळ्यात वजनदार कागद तोच.

कराराची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तिच्या सहा महिने आधी एक अर्ज टाका: मुदत संपल्यानंतर या नाक्याबाबत आलेले प्रस्ताव, त्यांवरील टिप्पणी आणि नव्या निविदेसाठी केलेली वाहतूक गणना. मुदतवाढीचे निर्णय बहुतेक याच काळात शिजतात आणि जाहीर झाल्यावर बदलणे फार कठीण जाते.